हाडाचा कारागीर कोण?

शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करता येणारा एक प्रयोग बहुतेक शिक्षकांना ठाऊक असेल. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे आणि दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदलायचे. आठवड्याभराने हाड बाहेर काढले तर त्याचा आकार तोच दिसतो, पण ते रबरासारखे वाकते. हाडातले कॅल्शियमचे क्षार आम्लात विरघळून गेलेले असतात आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा सांगाडा तेवढा उरलेला असतो. दुसरे हाड विस्तवावर चांगले भाजले तर उलटे घडते. तंतू जळून जातात, क्षार उरतात, आणि बोटाने दाबताच हाडाचा चुरा होतो. हाडाला चिवटपणा तंतूंमुळे येतो आणि कठीणपणा क्षारांमुळे, हे या दोन प्रयोगांवरून मुलांच्या चटकन लक्षात येते.

हाड कशाचे बनलेले आहे हे यातून कळते, पण ते कोण बनवते हे कळत नाही. घर विटा आणि सिमेंटचे असते हे समजले म्हणजे गवंडी कोण हे समजत नाही, तसेच हे आहे.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. साधे मोडलेले हाड नीट बसवून प्लास्टर घातले की काही आठवड्यांत सांधते. शरीरातले कारागीर आपण होऊन कामाला लागतात. परंतु अपघातात हाडाचा चार-पाच सेंटिमीटरांचा तुकडाच नाहीसा झाला, किंवा गाठ झाल्यामुळे तो काढून टाकावा लागला, तर एवढी मोठी पोकळी शरीराला सहसा भरून काढता येत नाही. अशा वेळी कारागीर बाहेरून आणून तिथे बसवता येतील का? मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, मऊ जेलमध्ये मिसळून त्यांच्याकडून हाड घडवून घेण्याचे जे प्रयत्न आज चालू आहेत, ते याच प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत. ‘प्रयोगशाळेत हाड तयार’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांत खरे किती हे ओळखायचे असेल, तर या शोधाचा सुमारे पावणेतीनशे वर्षांचा इतिहास उपयोगी पडतो. या इतिहासात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतात. हाडाचा कारागीर कोण? आणि जे तयार झाले ते हाडच आहे, हे कशावरून?

लाल हाडांची गोष्ट

१७३६ साली लंडनमधले शल्यचिकित्सक जॉन बेल्चियर एका कापड छापणाऱ्या व्यावसायिकाकडे जेवायला गेले होते. हे कापड म्हणजे कॅलिको. ज्या कालिकतच्या बंदरातून ते पूर्वी युरोपात जाई, त्याच्यावरून हे नाव पडले. जेवणात डुकराचे मांस होते आणि त्यातली हाडे चक्क लाल होती. चौकशी केल्यावर कळले, की कापड रंगवण्यासाठी वापरलेल्या मंजिष्ठेचा चोथा आणि कोंडा त्या डुकरांना खायला घातला जात असे. बेल्चियर यांनी एका कोंबड्याला मुद्दाम मंजिष्ठ खाऊ घातली. त्याचीही हाडे लाल झाली, मांस मात्र रंगले नाही.

ही बातमी फ्रान्समध्ये आंरी-लुई द्युआमेल यांच्यापर्यंत पोचली. ते झाडांचेही जाणकार होते. त्यांनी डुकराच्या पिलाला काही दिवस मंजिष्ठ घातलेले खाणे दिले, मग काही दिवस साधे, मग पुन्हा मंजिष्ठेचे. हाड आडवे कापून पाहिले तर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी लाल-पांढरी-लाल वलये दिसली. मंजिष्ठेतला रंग कॅल्शियमला चिकटतो आणि त्या काळात नव्याने तयार होणाऱ्या हाडातच तो बसतो. म्हणजे प्रत्येक वलय हे त्या त्या दिवसांत घडलेले हाड होते.

त्यांचा दुसरा प्रयोगही तितकाच साधा होता. वाढत्या वयाच्या प्राण्याच्या हाडाभोवती, वरच्या पातळ आवरणाखाली, त्यांनी चांदीची तार गुंडाळली. काही काळाने पाहिले तर तारेवर हाडाचा थर चढला होता, आणि आणखी काही काळाने तार हाडाच्या आतल्या पोकळीत सापडली. याचा अर्थ हाड बाहेरच्या बाजूने जाड होत जाते. झाडाची साल आणि लाकूड यांच्यामधला कोवळा थर जसा नवे लाकूड तयार करतो, तसे हाडावरचे आवरण नवे हाड तयार करते, असे द्युआमेल यांनी १७३९ ते १७४३ च्या दरम्यान मांडले. या आवरणाला वैद्यकात पेरिऑस्टियम म्हणतात. पहिल्या प्रश्नाला मिळालेले हे पहिले उत्तर: कारागीर म्हणजे हाडावरचे आवरण.

आवरण, रक्त की हाड स्वतःच?

हे उत्तर फार काळ निर्विवाद राहिले नाही. गटिंगेनचे थोर शरीरशास्त्रज्ञ आल्ब्रेख्त फॉन हालर यांनी १७५८ मध्ये ते खोडून काढले. त्यांच्या मते रक्तवाहिन्यांतून पाझरणाऱ्या रसापासून हाड तयार होते आणि आवरण हे निव्वळ वेष्टन. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मंजिष्ठेचा रंग हाड कुठे आणि केव्हा तयार झाले हे दाखवतो. ते कोणी तयार केले हे दाखवत नाही. पुरावा उत्तम होता, पण वाद ज्याबद्दल होता त्याबद्दल तो काहीच बोलत नव्हता.

शंभर वर्षांनी लिआँ शहरातले शल्यचिकित्सक लुई ओलिए यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. त्यांनी सशाच्या हाडावरचे आवरण सोलून त्याची पट्टी शरीरात दुसरीकडे लावली. तिथे हाड तयार झाले. पट्टीचा आतला थर आधी खरवडून काढला, तर मात्र हाड तयार होत नव्हते. म्हणजे आवरणातही कारागिरी त्या आतल्या थराची होती. ओलिए यांचा मोठा ग्रंथ १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या तीनच वर्षे आधी जर्मन शास्त्रज्ञ कार्ल गेगेनबाउर यांनी हाडाच्या पृष्ठभागावर ओळीने बसलेल्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे अस्थिजनक पेशी, हे नाव दिले होते. ‘कारागीर कोण’ याचे उत्तर आता एखाद्या भागात न शोधता पेशीत शोधायचे होते.

तिकडे ग्लासगोमध्ये विल्यम मॅक्युएन यांच्याकडे एक लहान मुलगा आला. जंतुसंसर्गाने त्याच्या दंडाचे हाड बरेचसे नष्ट झाले होते. मुडदूस झालेल्या मुलांचे वाकडे पाय सरळ करताना मॅक्युएन हाडाच्या पाचरी कापून काढत. अशा पाचरींचे बारीक तुकडे त्यांनी या मुलाच्या दंडात बसवले. हाड वाढले आणि हात कामाचा झाला. १८८१ मध्ये त्यांनी ही हकिगत प्रसिद्ध केली. आंब्याच्या फांदीचे कलम बांधावे तसे हे हाडाचे कलम होते. मॅक्युएन यांचे म्हणणे ओलिए यांच्या अगदी उलट होते. हाड हाडापासूनच वाढते, आवरण केवळ त्याची मर्यादा आखते, असे त्यांनी १९१२ च्या पुस्तकात ठासून मांडले.

दोघेही कुशल होते, दोघांचेही प्रयोग खरे होते. मग उत्तरे उलटी कशी? आवरण सोलताना आतल्या थरातल्या पेशी कधी आवरणाला चिकटून निघतात, तर कधी हाडावरच राहतात. प्राण्याचे वय आणि सोलणाऱ्याचा हात यांवर ते अवलंबून असते. पेशी ज्या बाजूला राहिल्या त्या बाजूला हाड तयार झाले. मॅक्युएन यांच्या कलमाबद्दलही पुढे नवी समजूत आली. दुसऱ्याच्या शरीरातून आणलेले हाड बहुधा मरते. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी ते हळूहळू पोखरतात आणि त्या जागी नवे हाड घालतात. कलम म्हणून बसवलेला तुकडा खरे तर परांचीचे काम करतो. बांधकामाभोवती बांधलेल्या बांबूंच्या परांचीवर उभे राहून गवंडी भिंत बांधतात, आणि काम झाले की परांची काढून टाकतात, तसेच काहीसे. ही परांचीची कल्पना पुढे फार महत्त्वाची ठरणार होती.

व्हिनेगरमधल्या हाडाचा संदेश

आता आरंभीचा प्रयोग आठवा. क्षार काढून टाकलेले, वाकणारे हाड. १८८९ मध्ये अमेरिकेत निकोलस सेन यांनी बैलाचे हाड आम्लात ठेवून असेच मऊ केले आणि जंतुसंसर्गाने पोखरलेल्या हाडांतल्या पोकळ्या भरायला वापरले. जंतुनाशक औषध पोकळीत टिकून राहावे हा त्यांचा हेतू होता. पण पोकळ्या नव्या हाडाने भरून येतात असे त्यांना दिसले.

त्यामागचे रहस्य उलगडायला १९६५ साल उजाडले. लॉस एंजेलिसमधले अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी क्षार काढलेल्या हाडाचे तुकडे सशांच्या आणि उंदरांच्या स्नायूंत ठेवले. स्नायूंमध्ये एरवी हाड नसते. तरीही काही आठवड्यांनी तिथे खरेखुरे हाड तयार झाले, अगदी आतल्या मज्जेसह. बसवलेल्या तुकड्यात जिवंत पेशी नव्हत्या. म्हणजे कारागीर त्या प्राण्याच्या शरीरातलेच होते. तुकड्याने त्यांना फक्त बोलावून काम सांगितले. हा निरोप एखाद्या प्रथिनाचा असावा असे युरिस्ट यांनी सुचवले आणि त्याला बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन हे नाव दिले. मराठीत आपण त्याला अस्थिप्रेरक प्रथिन म्हणू. हाडात ते इतके अल्प असते की त्याची जनुके हाती यायला १९८८ साल लागले.

मधल्या काळातला एक प्रयोग विशेष सांगण्यासारखा आहे. तो करणारे दोघे संशोधक, ए. हरी रेड्डी आणि टी. कुबेर संपत, मूळचे भारतातले. रेड्डी यांनी आधी शिकागोत चार्ल्स हगिन्स यांच्याबरोबर काम करून उंदरांच्या त्वचेखाली हाड कोणत्या क्रमाने तयार होते ते बारकाईने नोंदवले होते. साधारण आठवड्याने कूर्चा, दहा-अकरा दिवसांनी हाड, तीन आठवड्यांनी मज्जा. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संपत आणि रेड्डी यांनी क्षार काढलेल्या हाडाच्या भुकटीचे दोन भाग केले. एक विरघळणारा, ज्यात प्रेरक प्रथिने होती. दुसरा न विरघळणारा, म्हणजे मुख्यतः कोलॅजेनचा सांगाडा. नुसता पहिला भाग त्वचेखाली ठेवला, तर हाड झाले नाही. नुसता दुसरा ठेवला, तरी झाले नाही. दोन्ही पुन्हा एकत्र केल्यावर मात्र हाड तयार झाले.

वर्गात नियंत्रित प्रयोग समजावून देताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. यातून निघालेला निष्कर्षही मोलाचा आहे. नुसता निरोप पुरत नाही आणि नुसती जागाही पुरत नाही. निरोप योग्य जागी थांबून राहावा लागतो.

मज्जेतले बी

युरिस्ट यांचा निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरातच मॉस्कोहून वेगळ्या बाजूने उत्तर आले. हाडाच्या पोकळीतली मज्जा दुसरीकडे लावली तर तिथे हाड तयार होते, हे फ्रान्समधल्या गूजाँ यांनी १८६९ मध्येच सशांवर पाहिले होते. पण मज्जेत नाना प्रकारच्या पेशी असतात. त्यांतल्या कोणत्या पेशी हाड घडवतात, की आसपासच्या पेशीच तिथे येऊन काम करतात, हे कळायला मार्ग नव्हता.

अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सुंदर युक्ती काढली. मज्जेतल्या पेशी त्यांनी एका चिमुकल्या डबीत बंद केल्या. डबीच्या दोन्ही बाजूंना अतिसूक्ष्म छिद्रांचे पडदे होते. त्यांतून द्रव आणि अन्न आत-बाहेर जाऊ शकत होते, पेशी मात्र जाऊ शकत नव्हत्या. ही डबी प्राण्याच्या शरीरात ठेवली आणि डबीच्या आत हाड तयार झाले. आता शंकेला जागा उरली नाही. कारागीर आत ठेवलेल्या पेशींतच होते. हे वर्ष १९६६.

पुढची पायरी १९७० च्या सुमाराची. मज्जेतल्या पेशी काचेच्या बशीत पसरल्या, तर रक्ताच्या पेशी तरंगत राहतात आणि थोड्या पेशी तळाला चिकटतात. या चिकटलेल्या पेशींतली एखादी वाढून तिची वसाहत बनते. अशा पेशी फार विरळ असतात, मज्जेतल्या दहा हजारांत एखादी किंवा त्याहूनही कमी. एकेका पेशीपासून वाढलेली वसाहत पुन्हा प्राण्याच्या शरीरात लावली, तेव्हा काही वसाहतींपासून हाडाचा छोटा गोळा तयार झाला. त्या गोळ्यातले हाड लावलेल्या पेशींचे होते. आतल्या पोकळीत येऊन वसलेल्या रक्तपेशी मात्र यजमान प्राण्याच्या होत्या. जणू बाहेरून आलेल्या गवंड्याने घर बांधले आणि गावातली माणसे त्यात राहायला आली.

१९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या मॉरीन ओवेन आणि फ्रीडेनस्टाइन यांनी या पेशींना मूलपेशी म्हणून मांडले. १९९१ मध्ये क्लीव्हलँडचे अर्नॉल्ड कॅप्लन यांनी ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केले. हाड, कूर्चा आणि चरबी अशा निरनिराळ्या पेशी त्यांच्यापासून बनू शकतात असे दिसल्यामुळे त्यांच्याबद्दल मोठ्या आशा निर्माण झाल्या. पण नाव रूढ झाले आणि कसोटी सैल झाली. बशीला चिकटणारी कुठलीही पेशी मूलपेशी म्हणवली जाऊ लागली. शरीरात लावल्यावर हाड आणि मज्जा घडवून दाखवा, मगच तिला हाडाची मूलपेशी म्हणा, असा आग्रह इटलीचे पाओलो बियांको यांच्यासारख्या संशोधकांनी शेवटपर्यंत धरला. कॅप्लन यांनी स्वतःही पुढे, २०१७ मध्ये, हे नाव बदलायची वेळ आली आहे असे लिहिले. यातल्या अनेक पेशी शरीरात गेल्यावर स्वतः नवे ऊतक बनवण्याऐवजी आसपासच्या पेशींना रासायनिक संदेश देतात, असे त्यांचे म्हणणे होते.

परांचीपासून जेलपर्यंत

आता हाडासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी हाती होत्या: पेशी, निरोप आणि जागा. १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकान्टी यांनी या तिन्ही एकत्र आणून अवयव आणि ऊतके घडवण्याच्या विद्येचा आराखडा मांडला. तिला टिशू इंजिनिअरिंग, म्हणजे ऊतक-अभियांत्रिकी, असे म्हणतात.

हाडासाठी पहिली परांची कठीण होती. हाडातल्या क्षाराशी मिळताजुळता हायड्रॉक्सीॲपेटाइट हा पदार्थ घेऊन त्याचे सच्छिद्र ठोकळे बनवत. २००१ मध्ये इटालियन आणि रशियन डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या हाता-पायांच्या हाडांत चार ते सात सेंटिमीटरांची पोकळी होती. त्यांच्याच मज्जेतल्या पेशी वाढवून सच्छिद्र ठोकळ्यावर पेरल्या आणि ते ठोकळे पोकळीत बसवले. तिघांचेही हाड सांधले. परंतु तीन रुग्ण म्हणजे आशेला जागा, सिद्धता नव्हे. ठोकळे विरघळायला फार वेळ घेतात हाही दोष होता.

निरोपाच्या वाटेनेही प्रयत्न झाले. अस्थिप्रेरक प्रथिन कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरायला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली. शरीरात ते जितके असते त्याच्या कितीतरी पट मात्रा द्यावी लागे, कारण स्पंजातून ते लवकर निसटून जाई. मानेच्या शस्त्रक्रियांत त्याचा वापर झाला तेव्हा काही रुग्णांच्या घशाला धोकादायक सूज आली. २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. निरोप योग्य जागी थांबला नाही तर काय होते, हे संपत आणि रेड्डी यांच्या प्रयोगाने सत्तावीस वर्षे आधीच सुचवले होते.

मग जेलकडे लक्ष गेले. जेल म्हणजे काय? लांबलचक रेणूंची जाळी आणि तिच्यात अडकलेले भरपूर पाणी. खरवस, घट्ट लागलेले दही, चायना ग्रासची जेली हे सारे जेलच. शरीरातल्या पेशीही अशाच पाणीदार जाळीत राहतात. जेल आधी पातळ असते, त्यामुळे त्यात पेशी सारख्या मिसळता येतात. सुईने वेड्यावाकड्या पोकळीत भरल्यावर ते तिथेच घट्ट होते. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट हे यासाठी फार वापरले गेले. दंतवैद्य दातांचा साचा घेताना तोंडात जो गुलाबी लगदा धरतात, तो बहुधा याचाच असतो.

पण पेशी अल्जिनेटला चिकटत नाहीत. पाय रोवायला जागा नसेल तर गवंडी काम कसे करणार? १९८४ मध्ये असे आढळले होते, की शरीरातल्या प्रथिनांवरच्या तीन अमिनो आम्लांच्या एका छोट्या क्रमाला पेशी पकडतात. हा तुकडा अल्जिनेटच्या रेणूला जोडला आणि पेशींना पायठाव मिळाला.

इथवर जेलला कुणी कारागीर मानत नव्हते. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियात ॲडम एंग्लर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. पेशी तीच, अन्न तेच, फक्त जेलचा कठीणपणा बदलला तर? मेंदूइतक्या मऊ जेलवर वाढलेल्या मज्जेतल्या पेशी चेतापेशींसारख्या फांद्या काढू लागल्या. स्नायूइतक्या घट्ट जेलवर त्यांत स्नायूपेशींच्या खुणा दिसल्या. क्षार बसण्यापूर्वीच्या कोवळ्या हाडाइतक्या कठीण जेलवर अस्थिजनक पेशींच्या खुणा दिसल्या. पेशी जणू पायाखालची जमीन चाचपून आपले काम ठरवत होत्या. २०१० मध्ये डेव्हिड मूनी यांच्या गटाने अल्जिनेटच्या आत कोंडलेल्या पेशींबाबतही कठीणपणाचा असाच परिणाम दाखवला.

२०१६ मध्ये याच गटातून आणखी एक गोष्ट पुढे आली. रबराचा तुकडा दाबून धरला तर तो सतत उलटा रेटा देत राहतो. मळलेली कणीक दाबून धरली तर तिचा रेटा हळूहळू कमी होतो, आणि ती नवा आकार धरते. शरीरातली जाळी बरीचशी कणकेसारखी असते. सारख्याच कठीणपणाची दोन जेल घेतली, तर कणकेसारख्या लवकर सैलावणाऱ्या जेलमध्ये मूलपेशी अधिक पसरल्या आणि क्षारयुक्त तंतुजाळीही त्यांनी अधिक तयार केली. आपल्याभोवती थोडी सरकासरक करायला मोकळीक मिळाली की त्यांचे काम चांगले होते. परांची हाही निरोपच आहे, असे आता म्हणता येते. सैबेरियातल्या कुर्गान शहरात इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकापासून हेच वेगळ्या रीतीने दाखवले होते. पायाभोवती कडी बसवून कापलेल्या हाडाची टोके रोज सुमारे एक मिलिमीटर दूर सरकवली, की त्या ताणाखाली मधल्या जागेत नवे हाड भरत जाते.

लाल म्हणजे हाड का?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. जेलमध्ये हाड झाले हे प्रयोगशाळेत ओळखतात कसे? गंमत अशी की एक पद्धत बेल्चियर यांच्या जेवणाच्या ताटातलीच आहे. मंजिष्ठेतल्या मुख्य रंगद्रव्याला ॲलिझरिन म्हणतात. १८६८-६९ मध्ये ते कारखान्यात बनवण्याची रीत सापडली. त्याचाच एक प्रकार, ॲलिझरिन रेड, आजही वापरतात. पेशींवर तो ओतायचा. कॅल्शियमचे क्षार साचले असतील तर सारे लाल होते, आणि तेच छायाचित्र निबंधात छापले जाते.

पण हा रंग कॅल्शियम दाखवतो, हाड दाखवत नाही. पेशींकडून क्षार बसवून घेण्यासाठी त्यांच्या अन्नात मुद्दाम फॉस्फेट देणारे रसायन घालतात. त्याचे प्रमाण अधिक झाले तर मेलेल्या पेशींवरही कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसू शकतो. किटलीच्या तळाशी क्षार जमतात म्हणून किटलीला कुणी हाड म्हणत नाही. खऱ्या हाडात तंतू आणि क्षार ठरावीक रचनेत गुंफलेले असतात, रक्तवाहिन्या असतात, आत मज्जा वसते, आणि ते आयुष्यभर मोडत-घडत राहते. द्युआमेल यांच्या वेळी लाल रंगाने ‘कुठे, केव्हा’ सांगितले पण ‘कोणी’ हे सांगितले नाही. आज तो ‘क्षार’ सांगतो पण ‘हाड’ सांगत नाही.

दुसरी अडचण रक्ताची. पेशीला प्राणवायू मिळायचा तर ती केशवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरांच्या आत असावी लागते. बशीतल्या पातळ जेलमध्ये हे जमते. पाच सेंटिमीटरांच्या पोकळीत भरलेल्या जेलच्या मध्यभागी मात्र, रक्तवाहिन्या पोचण्याआधीच पेशी गुदमरतात. म्हणूनच जर्मनीतल्या कील शहरात डॉक्टरांनी वेगळा मार्ग धरला. कर्करोगामुळे जबडा गमावलेल्या एका रुग्णासाठी त्यांनी जबड्याच्या आकाराची टायटॅनियमची जाळी घेतली, तिच्यात हाडाच्या क्षारांचे तुकडे, अस्थिप्रेरक प्रथिन आणि मज्जा भरली, आणि ती त्याच्या पाठीच्या स्नायूत सात आठवडे ठेवली. रक्तवाहिन्या आत शिरल्यावर ती काढून जबड्याच्या जागी बसवली. ही हकिगत २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या प्रयोगपात्रात हाड चांगले वाढते, ते पात्र बहुतेक वेळा शरीरच असते.

कारागीर सापडला का?

२०१८ मध्ये एका निबंधात उंदरांच्या आणि माणसांच्याही हाडावरच्या आवरणात वेगळ्या मूलपेशी असल्याचे दाखवून दिले गेले. त्या मज्जेतल्या मूलपेशींहून निराळ्या आहेत. म्हणजे द्युआमेल चूक नव्हते, ओलिए चूक नव्हते, गूजाँ आणि फ्रीडेनस्टाइनही नव्हते. कारागिरांची वस्ती एकाहून अधिक ठिकाणी आहे. हाडाची भुकटी त्यांना हाक मारते, रक्त त्यांना पोसते, आणि जागा त्यांना काम शिकवते. प्रत्येकाने खरे पाहिले होते. चूक झाली ती ‘एवढेच’ म्हणण्यात.

व्यवहारात मात्र हाडाची मोठी पोकळी भरताना डॉक्टरांचा पहिला भरवसा आजही बहुधा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या कलमावर असतो, कारण त्यात पेशी, निरोप आणि परांची तिन्ही एकत्र येतात. मूलपेशी आणि जेल यांपासून घडवलेले हाड हे बहुतांशी प्रयोगशाळेत, प्राण्यांवर आणि मर्यादित चाचण्यांत आहे. भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या काही विकारांखेरीज मूलपेशींचा वापर हा मान्य उपचार नसून संशोधन समजावा असे सांगितले. त्यानंतर मोजक्याच उत्पादनांना औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. गुडघे, कंबर, मणका सारे काही मूलपेशींनी बरे करू अशा जाहिराती मात्र सर्रास दिसतात, आणि गरजू माणसे त्यांपायी कर्ज काढतात.

म्हणून वर्गात या विषयावरची एखादी बातमी किंवा जाहिरात आणून मुलांसमोर ठेवावी आणि त्यांच्याकडून चार प्रश्न विचारून घ्यावेत. पेशी कुठून घेतल्या आणि हाड त्यांनीच घडवले, की दुसऱ्यांनी? प्रयोग बशीत झाला, प्राण्यात झाला की माणसात? तुलनेसाठी पेशी न घातलेले जेल वापरले होते का? आणि हाड झाले असे म्हणतात ते कशावरून, लाल रंगावरून की मज्जेसह उभ्या राहिलेल्या, वजन पेलणाऱ्या हाडावरून? नववी-दहावीची मुले हे प्रश्न सहज विचारू शकतात. चांदीची तार, चिमुकली डबी आणि दोन भागांत वाटलेली भुकटी यांनी जी उत्तरे मिळवून दिली, ती असेच साधे प्रश्न नेमके विचारल्यामुळेच मिळाली.